शाफ्ट एक इंची, ब्लेड तीस मिलिमीटरचं : टेबल सॉवर काही महिने वापरल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडनं लाकूड कापायच्या मशीनवर, 254 मि.मी. (दहा इंच) व्यासाचं, 40 दातांचं टीसीटी (दातांना टंगस्टन कार्बाइडच्या टिपा असलेलं) ब्लेड चढवलं. ब्लेडचं भोक 30 मि.मी.चं, मशीनचा शाफ्ट (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) एक इंची म्हणजे 25.4 मि.मी.चा, आणि मधली फट भरायला लेथवर करून घेतलेली लोखंडी रिंग. तेव्हापासून या जोडीवर सागाच्या चौकटी, ऐनाचे उंबरे, फणसाचे देव्हारे, गणपतीच्या आधी मखरांची प्लायची कामं, पाडलेल्या घरांच्या तुळया, असं सगळं कापून झालं. ब्लेड उत्तम आहे. पण ते शाफ्टवर नीट बसल्यावरच उत्तम ठरलं, आणि खरी मेहनत त्या बसवण्यातच गेली. म्हणून ब्लेडपेक्षा बसवण्याबद्दल जास्त लिहितोय.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड या भागात कंपनीचे टेबल सॉ हल्ली दिसतात, पण जुन्या मिस्त्रींकडे अजून इथंच बनलेली मशीनं आहेत. बेळगावात फाउंड्री आणि लेथचा धंदा मोठा, त्यामुळं बिडाचा टेबल ओतून घ्यायचा, दोन पेडेस्टल बेअरिंगमध्ये शाफ्ट घालायचा, मोटर आणि पट्टा जोडायचा की मशीन तयार. माझं तसलंच आहे. खानापूर भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी धंदा थांबवला तेव्हा त्यांच्याकडून घेतलं. टेबल इतका जड आणि सपाट की आजच्या पत्र्याच्या मशीनला त्याची सर नाही. मात्र त्याला पाटी नाही, माहितीपुस्तक नाही. शाफ्ट किती, फेरे किती, नटाला आटे कुठले, हे सगळं आपणच मोजून ठरवायचं.

दुकानात विचारलं की पहिला प्रश्न येतो, “किती इंची?” दहा म्हटलं की ब्लेड काउंटरवर. भोक कितीचं, हे कुणी विचारत नाही. दहा इंची ब्लेडं आपल्याकडं मुख्यतः 25.4 आणि 30 या दोन भोकांत मिळतात. अमेरिकी मशीनसाठीची ऑनलाइन मागवलेली ब्लेडं पाच सुती भोकाची असतात, म्हणजे 15.875 मि.मी. क्वचित नेमक्या 25 मि.मी.चं ब्लेड हाती पडतं; ते 25.4 च्या शाफ्टवर चढतच नाही. मग कुणीतरी म्हणतं, “गोल कानस मार की आतनं.” तसं अजिबात करू नका. हातानं कानस मारलेलं भोक गोल राहत नाही, आणि भोकाचा मध्य हलला की सगळ्या दातांचा मध्य हलला.

प्लायच्या मोठ्या दुकानांत पॅनेल सॉ (प्लायचे मोठे तक्ते कापायचं मशीन) असतो, त्याचं मुख्य ब्लेड बहुधा 300 मि.मी. व्यासाचं आणि 30 भोकाचं. त्यामुळं जरा वरच्या दर्जाचं ब्लेड शोधायला गेलं की 30 भोकाचाच माल जास्त पुढं येतो. मला जे हवं होतं, जाड कार्बाइडची टीप आणि पातळ काप (दातांनी पडणाऱ्या चिरेची रुंदी), ते कोल्हापूरच्या एका दुकानात मिळालं, पण 30 मध्येच. विक्रेता म्हणाला, “सोबत रिंग आहे, एक इंचीला चालतंय.”

रिंग होती खरी. पण ब्लेड उचललं की ती टपकन खाली पडायची. व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला तर बाहेरचा व्यास 29.8 भरला. म्हणजे 30 च्या भोकात 0.2 मि.मी. ढिली. दुसरी रिंग बेळगावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणली. ती भोकात छान घट्ट बसली, पण जाडी 2 मि.मी. आणि ब्लेडची पाटी, म्हणजे दातांच्या आतला सपाट पत्रा, 1.8 मि.मी. हा दोष पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही. नट आवळला की फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांपैकी एक) रिंगवर टेकतो, ब्लेडवर नाही. ब्लेड दोन फ्लँजच्या मध्ये पकडल्यासारखं वाटतं, हातानं फिरवलं तर फिरतंही, पण जोर आल्यावर सरकतं. म्हणून रिंग ब्लेडच्या पाटीपेक्षा किंचित पातळच हवी. व्हर्नियर नसला तरी तपासता येतं: रिंग भोकात बसवून ब्लेड सपाट ठेवा, नख भोकाच्या कडेवरून रिंगकडं फिरवा. नख खाली उतरलं तर ठीक, अडकून वर चढलं तर ती रिंग नको. मग ब्लेड उलटं करून दुसऱ्या बाजूनं तेच.

आता एवढ्याशा ढिलेपणानं काय होतं, याचा हिशोब करून बघा. माझ्या मोटरचे फेरे 2880, मोटरची पुली पाच इंची, शाफ्टची तीन इंची. म्हणजे ब्लेडचे फेरे मिनिटाला 4800. (हा हिशोब नवीन ब्लेड घेताना तसाही करायचाच असतो. ब्लेडवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, माझ्यावर 7000 आहेत, त्याच्या आतच राहायला हवं.) मिनिटाला चार मीटर वेगानं लाकूड पुढं सारलं तर 40 दातांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 0.02 मि.मी. लाकूड येतं. आता ब्लेड 0.2 मि.मी. ढिलं असेल तर त्याचा मध्य 0.1 मि.मी.नं सरकलेला. दाताच्या वाट्याच्या पाचपट! एका बाजूचे दात पुढं आलेले, ते सगळं काम ओढतात; समोरच्या बाजूचे दात नुसते घासून जातात. ब्लेड नवं असूनही लाकूड भाजल्यासारखं काळं पडतं, आणि धार लावायला न्यावं तर धारवाला म्हणतो, “अर्धे दात अजून नवे आहेत की.”

नट जास्त आवळला म्हणून हे सुटत नाही. नट ब्लेडला आडवं दाबून धरतो, मध्यावर आणत नाही. मध्यावर आणायचं काम भोक आणि शाफ्ट यांच्या बसण्यानंच होतं. ब्लेड शाफ्टवर हातानं सरकून गेलं पाहिजे, ठोकावं लागू नये, आणि बसल्यावर वर-खाली हलवून बघितलं तर हलता कामा नये.

मग मी शाफ्ट सोडवून ब्लेडसकट बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, एका ओळखीच्या टर्नरकडं नेला. वय झालेला माणूस, आयुष्य लेथवर गेलेलं, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. रिंग करून द्या म्हटलं. त्यांनी ब्लेडला हातही लावला नाही, आधी शाफ्ट उचलला, चिंधीनं पुसला आणि मायक्रोमीटर लावला. आट्यांच्या लगत 25.38. जरा आत 25.37. आणि आतल्या फ्लँजला चिकटून, म्हणजे नेमकं ब्लेड बसतं तिथं, 25.28.

“मामा, मला नुसती रिंगच हवी होती की.”

“रिंग करतो की रे. पण रिंग ज्याच्यावर बसणार तोच झिजलाय, त्याला काय करणार?”

त्या जागेवरून नख फिरवलं तर बारीक खाच लागत होती. वर्षानुवर्षं तिथं ढिली ब्लेडं बसली, जोर आला की सरकली, आणि ब्लेडच्या कडक पाटीनं मऊ शाफ्टला चाटून चाटून ती खाच पाडली. तिथं वेल्डिंगचा थर देऊन परत टर्न करता येतं, पण त्या उष्णतेनं शाफ्ट वाकायची भीती. नवा शाफ्ट करायचा तर बेअरिंगपासून सगळं बदलायचं. मामांनी तिसराच मार्ग काढला आणि तो मला फार आवडला. आतला फ्लँजच चार मिलिमीटर जास्त जाडीचा नवा केला. त्यामुळं ब्लेड खाचेवरून पुढं सरकून शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर आलं.

फ्लँज करायची त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. तो आधी वेगळा टर्न केला, शाफ्टवर दाबून बसवला, आणि मग शाफ्टसकट लेथच्या दोन सेंटरच्या (टोकांच्या) मध्ये धरून फ्लँजचं तोंड शेवटचं हलक्या हातानं मारलं. त्यामुळं तोंड शाफ्टला काटकोनातच येणार, दुसरं काही व्हायला वावच नाही. डायल (बारीक डोलणं दाखवणारं काट्याचं माप) लावून फिरवला तर काटा मिलिमीटरच्या दोन शतांशाच्या आसपास हलला. मग रिंग: बाहेरून 30, अंगठ्यानं दाबून भोकात जाईल आणि पडणार नाही अशी, आतून शाफ्टवर तेलाच्या थरानं सरकेल अशी, जाडी 1.6. दोन केल्या, एक जादा. फ्लँज आणि दोन रिंगांचे मिळून त्यांनी जे घेतले ते एका साध्या ब्लेडच्या किमतीपेक्षाही कमी होते. दुकानातल्या तयार रिंगांच्या मागं फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आपल्या गावात इतके हुशार टर्नर असताना तयार रिंगेवर का अवलंबून राहायचं?

ब्लेड चार मिलिमीटर सरकल्यामुळं गाईडची पट्टी सरकवावी लागली, आणि मागं फाळही बसवली. फाळ म्हणजे ब्लेडच्या मागं उभी असलेली पट्टी, कापलेलं लाकूड मिटून ब्लेडला पकडू नये म्हणून. माझ्या मशीनला ती नव्हतीच, ती मी याच वेळी करून घेतली. तिची जाडी ब्लेडच्या पाटीपेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी हवी. माझी पाटी 1.8, काप 2.8, म्हणून फाळ 2.2 ची. काप पातळ असलेलं ब्लेड जुन्या जाड फाळीच्या मशीनवर घातलं तर लाकूड फाळीपाशी अडतं आणि माणूस जोर लावतो. तिथंच लाकूड उलटून अंगावर येतं. ब्लेड बदलताना भोकाइतकंच याकडंही लक्ष द्या.

आता कापण्याचा अनुभव. पहिल्या दिवशी सागाची फळी घातली आणि आवाजच बदललेला जाणवला. आधी घरघर होती, आता एकसारखी शीळ. कापलेली बाजू उजेडात तिरकी धरली तर पूर्वी एक मिलिमीटरपेक्षा जरा कमी अंतरावर नियमित रेघा दिसायच्या. हे अंतर ओळखून ठेवा. मिनिटाला चार मीटर सरकणारं लाकूड आणि 4800 फेरे, म्हणजे एका फेऱ्याला 0.8 मि.मी. रेघा त्या अंतरावर असतील तर प्रत्येक फेऱ्याला एकच ओरखडा पडतोय, म्हणजे दोष ब्लेडच्या बसण्यात किंवा फ्लँजमध्ये आहे. धार लावून तो जाणार नाही. आता त्या रेघा गेल्यात. चौकटीच्या सांध्यांना रंधा जवळजवळ लावावाच लागत नाही.

सागात मुळातच वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, तो धार खातो. साध्या पोलादी ब्लेडला सागाच्या कामात सारखी धार लावावी लागायची. हे कार्बाइडचं ब्लेड दिवाळीपर्यंत सहज टिकलं आणि त्यानंतर एकदा हिऱ्याच्या चाकावर धार लावून घेतली. धार लावणाऱ्यानं मुद्दाम सांगितलं की दात सगळीकडून सारखे झिजलेत. हीच मला हवी असलेली पावती होती.

ऐनाचं लाकूड कापताना मात्र या ब्लेडची मर्यादा कळते. दोन इंच जाडीचा ऐन लांबीच्या दिशेनं चिरायला 40 दात जास्त होतात, भुसा दातांच्या पोकळीत मावत नाही, मोटर कण्हायला लागते. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आणखीच. अशा चिराईला 24 दातांचं ब्लेड हवं, आणि ते मी साधं 25.4 भोकाचंच घेणार आहे. रोजच्या जाड चिराईला रिंगेची मधली भानगड नसलेलीच बरी. उलट प्लायला 40 दात थोडे कमी पडतात, खालच्या बाजूला पापुद्रा उडतो. ब्लेडच्या तोंडाशी टेबलात प्लायचा तुकडा घट्ट बसवून, मशीन चालू असताना त्यातूनच ब्लेड हळूहळू वर काढलं, म्हणजे फटीला जागाच उरली नाही. त्यानं बराच फरक पडला. लॅमिनेट लावलेल्या मालाला तरीही 60 किंवा 80 दातच.

फणसाचा चीक दातांच्या बाजूला पिवळा थर करून बसतो. धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात ब्लेड थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशनं घासलं की निघतो. तारेच्या ब्रशनं टीप खरवडू नका. पाडलेल्या घरांच्या तुळया घालण्याआधी चुंबक फिरवतो. जुन्या सागात खिळ्याचं डोकं गंजून गेलेलं असतं पण अंग आत असतं.

पावसाळ्यानं एक नवी गोष्ट दाखवली. खानापूरकडचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको; ऑगस्टात कारखान्यातली हवाच ओली असते. ब्लेड बरेच दिवस न काढता ठेवलं तर शाफ्टवर तांबेरा धरतो आणि घट्ट बसवलेली रिंग तिथंच धरून बसते. रॉकेलचे थेंब सोडून, थोडा वेळ थांबून, लाकडी मोगरीनं हलकं हलकं ठोकत ती मोकळी झाली. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी ब्लेड उतरवतो, शाफ्टला मशीन ऑइलचं बोट फिरवतो. मात्र फ्लँजच्या तोंडावर आणि ब्लेडच्या पाटीवर तेल नको, तिथं पकड घर्षणाचीच असते. ते कोरड्या फडक्यानं पुसूनच बसवायचं. माझा फ्लँज 80 मि.मी.चा आहे, त्याच्या कडेला 0.05 मि.मी. जाडीचा भुशाचा कण जरी अडकला तरी ब्लेडचा परिघ त्याच्या तिपटीहून जास्त डुलणार.

नट सोडवताना गोंधळ होतो म्हणून एक खूण: ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला फिरवलं की नट सुटतो, उलट फिरवलं की आवळतो. नीट केलेल्या मशीनवर आटे डावे-उजवे ठरतात ते याच हिशोबानं. तुमच्या मशीनवर उलटं आढळलं तर ते वापरू नका, आधी टर्नरला दाखवा. आणि हे सगळं करताना प्लग भिंतीतून काढलेला असायला हवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

रिंगांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. मार्बल कटरची चार इंची ब्लेडं 20 भोकाची येतात, चार इंची ग्राइंडरच्या चकत्या 16 भोकाच्या. लाकडाचं दातेरी ब्लेड रिंग घालून ग्राइंडरवर चढवणारी तरुण पोरं मी साइटवर बघतो. ग्राइंडरचे फेरे मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास, पकड एका हाताची, फाळ नाही. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उडतं आणि थेट मांडीवर किंवा गळ्याकडं येतं. भोक जुळलं म्हणजे ब्लेड त्या मशीनचं झालं असं नाही. मुलांनो, हे करू नका, आणि मिस्त्रींनो, तुमच्या हाताखाली कुणी करत असेल तर थांबवा.

तीस भोकाच्या ब्लेडवर मधल्या भोकाभोवती आणखी छोटी भोकं दिसली तर घाबरायचं कारण नाही. ती पिनांसाठी असतात, मोठ्या मशीनवर ब्लेड सरकू नये म्हणून. आपल्या मशीनवर ती रिकामी राहिली तरी चालतात. फक्त फ्लँज पुरेसा मोठा हवा, ब्लेडच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा, आणि दोन्ही बाजूंचे फ्लँज एकाच मापाचे.

कंपनीचं मशीन असेल तर प्रश्न सोपा आहे: पुस्तकात किंवा पाटीवर व्यास आणि भोक दिलेलं असतं, ब्लेडच्या पाकिटावर व्यास, भोक आणि दात याच क्रमानं छापलेलं बहुधा सापडतं, दोन्ही जुळवून घ्या आणि रिंगेच्या वाटेला जाऊ नका. इथं बनवलेलं मशीन असेल तर ब्लेड घ्यायला जाण्याआधी शाफ्ट ब्लेडच्या बसण्याच्या जागी मोजून घ्या, आणि खाच लागली तर पहिले पैसे ब्लेडवर न घालता टर्नरला द्या. माझ्याकडची जादा रिंग अजून कोरी आहे. चौकटी, देव्हारे, प्लायची साधी कामं या ब्लेडवर चालूच राहतील. चिराईचं 24 दातांचं ब्लेड तेवढं उन्हाळ्याची कामं सुरू व्हायच्या आत घ्यायचं आहे.